सही कुठे करू?

बँकेच्या काउंटरमागे माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षं गेली. त्या काळात बायकांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेली वाक्यं दोन. एक, "सही कुठे करू?" आणि दुसरं, "ह्यांना विचारून सांगते." ही वाक्यं अडाणी बायकांची असतील असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई आधी नोटा मोजायची, मग पासबुकात नोंद झाली का ते बघायची. वाचता येत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या पोराकडून आकडा वाचून घ्यायची आणि मगच अंगठा उठवायची. पेन्सिलीच्या फुलीपाशी, वर काय छापलंय ते न बघता सही करून मोकळ्या व्हायच्या त्या बहुतेक पगारदार आणि पदवीधर. त्यात शाळेतल्या बाई असत, पंचायत समितीतल्या मॅडम असत आणि खरं सांगायचं तर आमच्याच बँकेत काम करणाऱ्याही असत. दिवसभर दुसऱ्यांच्या ठेवींचं व्याज काढायचं आणि स्वतःच्या ठेवीची पावती घरी कुठल्या कपाटात आहे ते मात्र ठाऊक नाही.

शिक्षणाचा आणि पैसा कळण्याचा संबंध आपण समजतो तेवढा जवळचा नाही, हे मी तिथेच शिकले. जिच्या हातातून रोज पैसा येतो-जातो तिला त्याची भीती वाटत नाही. जिचा पगार परस्पर खात्यात जमा होतो आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, तिला आपण कमावतो एवढंच माहीत असतं.

बायकांनी बचत करायला शिकलं पाहिजे, असं भाषणात कुणी म्हणालं की मला २०१६ चा नोव्हेंबर आठवतो. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, १० तारखेला बँका उघडल्या. सुरुवातीला रांगेत पुरुष जास्त होते. मग दुपारच्या वेळी, घरातली माणसं जेवून कामाला गेल्यावर, बायका यायला लागल्या. पदराखालून, पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुडीखालून नोटा निघायच्या. काही नोटा डब्यात इतकी वर्षं गोल वळून राहिलेल्या की काउंटरवर सरळ होईनात. काहींना हळदीचा वास, काहींना डांबरगोळ्यांचा. एकीनं रुमालाची गाठ सोडली आणि पैसे मोजायच्या आधीच हळू आवाजात विचारलं, "ताई, ह्यांना मेसेज जाईल का हो?"

जाणार होताच. खातं तिचं, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा.

त्या दिवसांत मोबाइलवर विनोदांचा पूर आला होता. बायकोच्या डाळीच्या डब्यात स्विस बँक सापडली, वगैरे. मला त्यातल्या एकालाही हसू आलं नाही. त्या विनोदांमागे एक गृहीत होतं, की हे पैसे मुळात नवऱ्याचे आणि बायकोनं ते हळूच काढून घेतले. घरखर्चाच्या पैशांत महिना भागवून, स्वतःची एखादी साडी मागे ढकलून, भाजीवाल्याशी घासाघीस करून जे उरलं ते कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे गमतीत उडवून लावण्याचा. सरकारी यंत्रणेनं मात्र तो थोडा गंभीरपणे घेतला. अडीच लाखांपर्यंतच्या जमेची फारशी चौकशी होणार नाही असं तेव्हाच सांगितलं गेलं. पुढे २०२१ मध्ये प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानं निकाल दिला की गृहिणीनं नोटाबंदीत आपल्या साठवणीतून भरलेली एवढी रक्कम लपवलेलं उत्पन्न मानता येणार नाही. त्या निकालाची बातमी वाचली तेव्हा काउंटरवरचे ते चेहरे मला आठवले. त्यांच्यापर्यंत ती पोचली असेल असं वाटत नाही. बऱ्याचजणींचे पैसे तोवर खात्यातून निघून घराच्या रंगकामाला, दिराच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला गेलेले होते. एकदा उजेडात आल्यावर ते घराचे झाले.

म्हणून मला वाटतं, बायकांना काटकसर शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. त्यांना साठवता येतं, लपवता येतं, पुरवून पुरवून वापरता येतं आणि या गुणांचं कौतुकही भरपूर होतं. घरची लक्ष्मी, हाताला बरकत वगैरे. कौतुक साठवण्याचं होतं. साठवलेलं आपल्या नावावर कागदावर आणायची वेळ आली, की तीच बाई एकदम 'हिशेबी' ठरते.

भिशीचंच बघा. आमच्या भागात लिलावाची भिशी चालते. वीसजणी दरमहा हजार रुपये काढतात, वीस हजार जमतात. ज्यांना निकड आहे त्या बोली लावतात. कुणी म्हणते मी अठराला उचलते, कुणी साडेसतराला. जी सगळ्यात कमीत उचलते तिला पैसे मिळतात आणि सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. म्हणजे आज साडेसतरा हजार हातात घेऊन उरलेले सगळे महिने हजार-हजार भरणं परवडतं का, सावकाराकडून घेतलं तर किती पडेल, दिवाळीपर्यंत थांबलं तर बोली किती चढेल, हे सगळं ती चहाचा कप हातात धरून तोंडी काढते. हेच गणित बँकेत अधिकारी पदाच्या परीक्षेला असतं. आणि हीच बाई दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन म्हणते, "मला त्या व्याजाबिजातलं काही कळत नाही, तुम्हीच काय ते करा."

तिला कळत असतं. पण भिशीत आकडा तिचा असतो, फॉर्मवर तो साहेबाचा होतो. भिशीचीही बाजू आंधळी आहेच. चालवणारी बाई रातोरात गाव सोडून गेली तर हातात चिठ्ठीसुद्धा नसते. पतसंस्थेतल्या ठेवीचीही बायकांना अशीच खात्री वाटते, कारण पिग्मीवाला रोज दारात येतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला ते नाही, हे दारात येणारा माणूस कशाला सांगेल?

हिशेब येतो पण कागद येत नाही, याची सगळ्यात बोलकी गोष्ट आमच्याच सातारा जिल्ह्यातली आहे. माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. निमित्त झालं रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईचं. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायला तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि एवढ्या किरकोळ रकमेसाठी तिचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. प्रवर्तक बायकांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठे होते. बायका रडत बसल्या नाहीत. गावी येऊन अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबई गाठली. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितलं की आम्हाला मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा आणि बघा कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. बँक घरोघरी पोचली, यंत्रं आली, तेव्हा पिन नंबर द्यायची गोष्ट निघाली. तर एका बाईनं सांगितलं की पिन नको, तो कुणीही चोरेल. माझा अंगठा घ्या, तो कुणाला चोरता येणार नाही. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, त्याचंच तिनं कुलूप केलं. घरात पिन कोण चोरणार होतं हे तिनं सांगायची गरज नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यात राहायला आले. आमच्या सोसायटीत एक वहिनी आहेत. यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, माणूस टापटिपीचा, सगळ्या पावत्या फायलीत. ते अचानक गेले. दिवसकार्य झालं आणि वहिनी फायलींचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "धाकटे भाऊजी म्हणतायत मी सगळं बघतो, तुम्ही फक्त सह्या करा. पण म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

गठ्ठा व्यवस्थित होता. अडचण निघाली ती तिसरीकडेच. यजमानांचा मोबाइल मुलानं फॉरमॅट करून नातवाला खेळायला दिला होता आणि सिमकार्ड कुठेतरी टाकून दिलं होतं. बँकेचा, विम्याचा, डीमॅटचा, गॅसचा, सगळीकडचा ओटीपी त्या नंबरवर. फायलीत कागद होते, पण सगळ्यांच्या किल्ल्या त्या एवढ्याशा सिममध्ये होत्या. माणूस गेल्यावर त्याचा नंबर निदान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवावा, एवढी साधी गोष्ट तेराव्याला जमलेल्या इतक्या माणसांतून कुणीही सांगत नाही. गरुडपुराण सांगतात.

वहिनींना वाटत होतं की सगळीकडे नॉमिनी त्याच, म्हणजे सगळं त्यांचंच. मी म्हटलं, "वहिनी, नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते नाव. मालक कोण, ते मृत्युपत्र ठरवतं. ते नसेल तर वारसा कायदा." शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्याच हक्काची मानायची असं कायद्यात आलं. पण ठेवी, शेअर, फ्लॅट यांचे वारस चार निघाले: वहिनी, मुलगा, मुलगी आणि गावी राहणाऱ्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या सासूबाई. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर त्याच्या आईलाही बायको-मुलांइतकाच वाटा असतो.

"सासूबाईंचा पण?" वहिनी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना आजवर कुणी एक रुपया हातात दिला नव्हता. नवऱ्यानं नाही, मुलांनीही नाही."

धाकट्या भाऊजींनी सह्या मागितलेल्या कागदांत एक हक्कसोडपत्र होतं. त्यांचा हेतू वाईटच होता असं मी म्हणणार नाही. घरातल्या बायकांनी हक्क सोडायचा असतो, भावानं माहेरची साडी द्यायची असते, अशा वातावरणात तेही वाढलेले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये दिला. त्यानंतर हक्कसोडपत्रांवर जेवढ्या सह्या होतात तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या कागदावर होत असतील. सोडायचा तर सोडावा, तिची मर्जी. वाचून सोडावा.

वहिनींनी कागद वाचला आणि सही केली नाही. घरात आठ दिवस अबोला झाला, मग मिटला.

त्यानंतर दुपारच्या वेळी आमच्याकडे दोन-चारजणी यायला लागल्या. वर्ग वगैरे काही नाही, चहा असतो आणि प्रत्येकीनं आपापली एक फाइल आणायची. आठ मार्चला हॉटेलच्या हॉलमध्ये बायकांना गुलाबाचं फूल आणि एसआयपीचं पत्रक देणारे कार्यक्रम होतात, त्यांच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. कुठल्या फंडात पैसे टाकायचे हा प्रश्न दहावा. पहिला प्रश्न, खात्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे? दुसरा, ईमेल कुणाचा? तिसरा, आजवर कशाकशावर सह्या केल्यात? या तिसऱ्या प्रश्नाला बायका हसतात, मग आठवायला लागतात, मग हसायच्या थांबतात. एकीनं नवऱ्याच्या दुकानाच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून सही केली होती. कर्ज थकलं तर बँक तिच्या पगारावरही येऊ शकते हे तिला नवं होतं. एकीच्या नावावर चांगल्या मोठ्या मुदतठेवी निघाल्या. तिला वाटलं आपण श्रीमंत आहोत. पण नवऱ्यानं दिलेल्या पैशाचं व्याज प्राप्तिकर कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतो. 'तिच्या नावावर टाकलंय' हे वाक्य घरात जेवढं उदार वाटतं तेवढं आयकर खात्याला वाटत नाही. घराचं तसंच. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे खरेदीखतावर बायकांची नावं दिसायला लागली हे चांगलंच झालं, मात्र ते खरेदीखत घरात कुठे ठेवलंय हे त्यांतल्या बऱ्याचजणींना विचारावं लागतं.

आणि १८७४ चा तो कायदा! विवाहित स्त्रीच्या संपत्तीचा. त्याच्या कलम ६ खाली नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांसाठी म्हणून उतरवला, तर त्या रकमेला त्याचे सावकार हात लावू शकत नाहीत. धंदेवाल्या माणसाच्या घरात याहून मोठा आधार नाही. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं, मागाहून जमत नाही. मी विचारते तेव्हा एकीलाही हे एजंटानं सांगितलेलं नसतं. दीडशे वर्षं झाली त्या कायद्याला.

माझ्या स्वतःच्या बरोबरीची एक मैत्रीण, विधवा, मूलबाळ नाही, नोकरीतून फ्लॅट घेतलेला, म्हातारी आई तिच्यापाशीच. ती कागदपत्रांत माझ्याहून पक्की. तिला एकदा सहज सांगितलं की हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मृत्युपत्र न करता तू गेलीस तर तुझं स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाईल, आईचा नंबर त्यानंतर. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा फ्लॅट दिराच्या मुलांना?"

"हो."

"आणि आई?"

"आईनं कुठे जायचं ते त्यांनी ठरवायचं."

१९५६ मध्ये बाई कमावेल, घर घेईल, असं कायदा लिहिणाऱ्यांच्या फारसं डोळ्यांसमोर नसावं असं म्हणून सोडून देता येईल, पण कलम अजून तेच आहे. मैत्रिणीनं त्या रात्रीच दोन पानांत मृत्युपत्र लिहिलं. साधा कागद चालतो, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार लागतात. तिनं साक्षीला शेजारचे डॉक्टर घेतले आणि एक नात्यात नसलेली तरुण मुलगी. म्हणाली, साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान असलेले बरे.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि दरमहा दीड हजार रुपये थेट आधारशी जोडलेल्या खात्यात यायला लागले. त्या योजनेबद्दल मतं काहीही असोत, निवडणुकीचं राजकारण मला दिसत नाही असं नाही, पण बँकांमध्ये मी कधी पाहिली नव्हती अशी एक गोष्ट घडली. पैसे कुठल्या खात्यात पडले हे शोधत बायका स्वतः आल्या. कुणाचं आधार कुठल्या तरी विसरलेल्या जनधन खात्याला जोडलेलं, कुणाचे पैसे आले तसे जुन्या शुल्कात कापले गेले. आमच्याकडे घरकामाला येणारी रंजना (नाव बदललंय) तर मॅनेजरशी भांडून आली. "माजा नंबर घाला म्हनलं खात्याला. त्यांचा नगं. मेसेज मला आला पायजे." काय बदललं ते मला तिच्या त्या 'नगं'मध्ये ऐकू आलं. पुढच्याच वर्षी ई-केवायसी आली आणि तिथे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवांची, सोडून दिलेल्यांची त्यात भलतीच पंचाईत झाली. बहिणीला ओवाळणी घालताना भाऊ मेहुण्याचं ओळखपत्र मागतो की काय, असं रंजना म्हणाली नाही, ते माझ्या मनात आलं.

दुपारच्या मंडळींत हल्ली सगळ्यात अवघड जातो तो कायदा नव्हे. घरी जाऊन विचारणं अवघड जातं. 'आपले पैसे कुठे कुठे आहेत?' एवढं विचारलं की समोरून येतं, 'का, माझ्यावर विश्वास नाही?' मग ती गप्प बसते, कारण संसार मोडायला ती निघालेली नसते. एक साठीच्या पुढच्या बाई याला चांगलं उत्तर देऊन आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणून मी विचारतेय. नसता तर वकिलानं विचारलं असतं."

पुढच्या खेपेला त्या फाइल घेऊन आल्या आणि मागोमाग यजमानही आले, जरा अवघडलेले. त्यांच्या वडिलांच्या नावचं शेअरचं एक जुनं कागदी प्रमाणपत्र होतं. लाभांश सात वर्षं कुणी न घेतल्यानं शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा झाले होते. ते परत कसे मागायचे हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि बायकोसमोर तसं कबूल करायची त्यांच्यावर बहुधा पहिल्यांदाच वेळ आली होती. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आयईपीएफ-५ नावाचा. वारसाची कागदपत्रं, रद्द केलेला धनादेश, बरंच काही लागतं. बाईंनी वही काढून यादी लिहून घेतली आणि नवऱ्याला विचारलं, "तुमच्या बहिणींची संमती लागेल यात. त्यांना कधी सांगताय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला उठले.